पालथ्या होडीखालचा दोर

माझ्या मुलीला होडी पालथी झाल्यावर परत सरळ होता येत नाही. ती बावीस वर्षांची आहे, अंगाने काटक आहे, तलाव आडवा पोहून जाते आणि दम न खाता परत येते. तरीही होडीसकट उलटी झाली की तिचा उजवा हात वल्हं सोडतो. त्यात तिची चूक नाही, माझी आहे. हे तिला सांगायला मी अकरा महिने घेतले.

महागाव तालुक्यातल्या आमच्या तांड्यातून समुद्र कुठल्याही दिशेला फार लांब आहे. आमच्या मागच्या पिढ्यांनी किनाऱ्यावरचं मीठ बैलांच्या पाठीवर लादून देशभर नेलं, असं म्हातारे सांगतात. गोण्या भरल्या, बैल वळवले आणि निघाले. समुद्राच्या पाण्यात कोणी उतरल्याचं मात्र कोणी सांगत नाही. बहुधा मीच पहिला उतरलो. खेळशिक्षकाची पदवी घेऊन दोन वर्षं नोकरी मिळेना, तेव्हा एका ओळखीच्या माणसाने मला कोकणात एका केंद्रावर लावून दिलं. तिथे पर्यटकांना कयाकमधून समुद्रात नेत. मी सामान उचलायला गेलो होतो. तिसऱ्या हंगामात मीच पुढे होडी घेऊन जाऊ लागलो. मग गावाकडच्या शाळेत जागा निघाली आणि परत आलो. येताना केंद्राने मोडीत काढलेली एक कयाक सोबत आणली, ट्रकमध्ये आंब्याच्या पेट्यांवर आडवी टाकून.

सतरा फूट लांब, माणसाच्या कमरेएवढी रुंद आणि हिरवीगार. ती तांड्यात उतरवली तेव्हा पारावरच्या एकाने विचारलं, "मास्तर, एवढी मोठी काकडी कायले आणली जी? कोशिंबीर साऱ्या तालुक्याले पुरन ना." तेव्हापासून तिचं नाव काकडीच.

समुद्राच्या कयाकमध्ये माणूस आत बसतो. पाय पुढे लांब, मांड्या वरच्या कडेला टेकलेल्या. कमरेला रबरी झगा असतो. त्याचा घेर बैठकीच्या कडेवर ताणून बसवला की लाटेचं पाणी आत येत नाही. झग्याला पुढे एक पट्टी असते. होडी उलटली की माणूस पाण्याखाली वटवाघळासारखा डोकं खाली करून लटकतो. मग दोन वाटा असतात. पट्टी ओढायची, झगा सुटतो, माणूस होडीतून निसटून वर येतो. नाहीतर बसल्या जागी वल्हं पाण्याच्या पृष्ठभागावर आणायचं, ते बाजूला फिरवत कंबर झटकायची आणि होडीसकट सरळ व्हायचं. ह्या दुसऱ्या प्रकाराला रोल म्हणतात. त्यात डोकं सगळ्यात शेवटी पाण्याबाहेर यावं लागतं. आधी होडी, मग कंबर, मग छाती, मग डोकं. बुडणाऱ्या माणसाला नेमकं उलटं करावंसं वाटतं. डोकं आधी उचललं की त्याचं वजन होडीला परत खाली नेतं.

केंद्रावरचे आमचे सर कमी बोलायचे, पण ह्या विषयावर तासभर बोलायचे. उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातले शिकारी ह्या होड्या वापरत, त्यांच्याबद्दल ते सांगायचे. त्यांचा कातडी अंगरखा मनगटाला, चेहऱ्याभोवती आणि होडीच्या कडेला घट्ट आवळलेला असे. त्यांच्यातल्या बहुतेकांना पोहता येत नसे. येऊनही उपयोग नव्हता. त्या पाण्यात होडी सोडलेला माणूस थोड्या वेळात गारठून जायचा. म्हणून रोल. आणि एकच रोल नाही. वल्हं हातातून गेलं तर नुसत्या हाताने. एक हात भाल्याच्या दोरीत अडकला तर दुसऱ्या हाताने. वल्हं होडीखाली अडकलं तर तिथूनच. जितक्या तऱ्हेने माणूस फसू शकतो तितके रोल त्यांनी शोधून ठेवले होते. आपल्या आजच्या होड्या स्थिर असतात, अंगात तरंगणारं जाकीट असतं, सोबतीला चार जण असतात. उलटलं तर बाहेर यायचं, होडी धरून राहायचं, सोबतचा माणूस तिच्यातलं पाणी काढतो आणि आपण परत चढतो. खवळलेल्या समुद्रात खडकांजवळ एकटे असाल तर मात्र रोलच वाचवतो. म्हणून समुद्रातल्या वाटाड्याला तो यावा लागतो, सर म्हणायचे, पण शिकवताना आधी बाहेर पडायला शिकवायचं. पहिल्याच दिवशी. आणि होडीत बसलेल्या माणसाला कधीही काहीही बांधायचं नाही.

हे दोन्ही नियम मला पाठ होते. मी ते पर्यटकांना रोज म्हणून दाखवायचो.

मुलगी आठ वर्षांची असल्यापासून काकडीत बसते. तांड्यामागे तलाव आहे. पावसाळ्यानंतर तो पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, भरतो आणि होळीपर्यंत पाणी टिकतं. घरी आम्ही गोरबोली ही आमची बंजारा भाषा बोलतो (इथे तेही मराठीत लिहिलंय), पण पाण्यावर ती आणि मी मराठीवर यायचो, कारण होडीचे शब्द मला त्याच भाषेत मिळाले होते. शाळेतही मराठीच. त्यामुळे तलाव म्हणजे आमच्या दोघांची वेगळी शाळा होती. तिने यवतमाळला कॉलेज केलं, तिथून सुट्टीत आली की आधी काकडीवरची धूळ पुसायची.

गेल्या वर्षी हिवाळ्यात ती एका किनाऱ्यावरच्या गटाची माहिती घेऊन आली. ते समुद्रातल्या वाटाड्यांची भरती करतात, मुलींनाही घेतात. दसऱ्यानंतर निवड असते. अट एकच अवघड होती: लाटांत, दोन्ही बाजूंनी रोल.

"बाबा, तुमी शिकवसान ना?"

"शिकवतो ना. तुले कोन शिकवन दुसरं?"

मला अभिमान वाटला. त्या अभिमानात मी ठरवलं की हिला त्या शिकाऱ्यांच्या जुन्या पद्धतीने शिकवायचं. बाहेर पडायला शिकवायचंच नाही. ज्याला पट्टी ठाऊक असते तो घाबरला की पट्टीच ओढतो, असं माझं मत झालं होतं. तिला मी म्हणालो, "त्या लोकांच्या लेकरांले बाहेर पडनं ठाऊकच नव्हतं. म्हनून त्यांचा रोल पक्का." तिने मान हलवली. त्या लेकरांचा बाप किंवा काका शेजारी कमरेएवढ्या पाण्यात उभा असायचा, होडीचं नाक हातात धरून, हे सरांनी सांगितलेलं अर्धं मी गाळलं. तेव्हा ते मुद्दाम गाळलं असं वाटलं नव्हतं. आता वाटतं.

तिच्या आईला हे काहीच पसंत नव्हतं.

"अवो, पोरीले उलटी टांगून पाण्यात बुडवता, आन तिले बाहेर निघायचं शिकवतच नाई?"

"तिले वरतीच यायचं शिकवून राह्यलो ना मी."

"आन नाई आली तं? तुमी पाळीवरून टाळ्या वाजवसान?"

"अवं, मी हावो ना तिथं."

"मंग दोर बांधा. दोर बांधल्याशिवाय मी काही तिले जाऊ देत नाई."

आमच्याकडे पोहणं विहिरीत शिकतात. लेकराच्या कमरेला दोर बांधायचा, पाठीला कोरडा भोपळा किंवा रिकामा डबा, आणि काठावर मोठं माणूस दोर धरून उभं. लेकरू खाली गेलं की ओढायचं. मी तसाच शिकलो, ती तशीच शिकली, तिला काठावरून मीच ओढलं. दोर धरणाऱ्याने तो तळहाताला दोन वेढे देऊन धरायचा, म्हणजे ओल्या हातातून सुटत नाही. एवढं सगळं अंगात मुरलेलं असल्यावर बायकोच्या तोंडून दोर हा शब्द आला तेव्हा मला हायसंच वाटलं. सरांचा नियम आठवला नाही असं म्हणता येणार नाही. आठवला. पण तो समुद्रासाठी आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

पहिले आठ दिवस मी पाण्यात उभा राहून होडीचं नाक धरलं आणि ती कंबर झटकायला शिकली. चांगली शिकली. मग एका रविवारी सकाळी मी म्हणालो, आज एकटी. होडी काठाला समांतर उभी केली. दोर तिच्या कमरेला, झग्यावरून बांधलेला. दुसरं टोक माझ्या तळहाताला, दोन वेढे. मी काठावर.

थोड्या अंतरावर मासेमारी सोसायटीतले एक वयस्कर भोई थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं काढत होते. त्यांनी आमच्याकडे बघून हाक दिली, "मास्तर, पोरीले बकरीवानी काहून बांधलं? पळून जाते काय?"

मुलगी हसली. "काका, मले नाई, बाबाले बांधलं हाय. थेच पळतीन."

मग तिने श्वास घेतला आणि माझ्या बाजूला कलंडली.

होडीची पांढरी पडलेली पाठ वर आली. मी मनात मोजत होतो. पलीकडच्या बाजूला वल्ह्याचं पातं पाण्यावर आलं, अगदी जिथे यायला हवं तिथे. ते फिरू लागलं. होडीची पाठ कलू लागली. पलीकडून तिचा खांदा दिसला, मग कान, मग गालाचा भाग, पाण्याला टेकलेला. डोकं मागे होतं. शेवटीच येत होतं. सगळं बरोबर चाललं होतं. मग पातं क्षणभर थांबलं. रोलमध्ये पातं तसं थांबतं, शेवटच्या झटक्याआधी माणूस जोर गोळा करतो. मला हे माहीत आहे.

माझ्या हातांनी दोर ओढला.

मी ठरवून ओढला नाही. विहिरीच्या काठावर लेकरू थांबलं की ओढतात, तसा ओढला गेला. ती पलीकडच्या बाजूने वर येत होती, दोर होडीखालून माझ्याकडे येत होता, आणि मी तिला होडीखालूनच परत माझ्याकडे खेचलं. कान गेला, खांदा गेला, पातं आडवं होऊन बुडालं. होडी परत पालथी झाली. ती खाली गेली हे पाहून मी आणखी जोराने ओढलं. होडी हलू लागली. आतून कोणीतरी धडका देतंय असं दिसत होतं. ती झग्याची पट्टी शोधत होती, हे मला नंतर कळलं. पट्टी कुठे असते हे मी तिला एकदाही हाताने दाखवलं नव्हतं, आणि आता तिच्यावर ताठ झालेला दोर दाबून बसला होता.

"मास्तर, दोर सोडा! सोडा ना अजी! काहून ओढून राह्यले?"

भोईकाका हातांनी पाणी मारत येत होते. मला त्यांचा शब्दन् शब्द ऐकू आला. सोडायचं हेही कळलं. पण वेढे तळहातात रुतले होते, आणि खरं म्हणजे वेढे नसते तरी मी सोडला असता का, हे मला सांगता येत नाही. पाण्याखाली आपलं लेकरू असताना हातातला दोर सोडायचा, हे माझ्या हातांना कधी कोणी शिकवलंच नव्हतं. मी ओढतच राहिलो. भोईकाकांनी जाळ्याच्या सुरीने दोर कापला. मी मागे चिखलात बसलो. लगेच होडीच्या बाजूने ती बाहेर आली. तोंड उघडं, डोळे उघडे, नाकातून रक्त.

काकांनी तिला तराफ्यावर आडवं घेतलं आणि काठाला आणलं. तिला खोकल्याची उबळ येत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो.

"डोकं आधी काढलं ना तू! कितीदा सांगतलं, डोकं शेवटी!"

ती खोकत खोकत म्हणाली, "चुकलं बाबा."

भोईकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगी तोंड धुवायला पुढे गेली तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, पोरगी येऊन राह्यलती ना वर. मी तिकूनच पाहून राह्यलतो."

"नाई काका. डोकं आधी आलतं."

"आसन बाप्पा," ते म्हणाले. "तुमी मास्तर होय. आमी आपले मासे धरनारे." आणि ते तराफ्यावर बसून निघून गेले.

घरी तिने आईला सांगितलं, "माह्यीच चूक झाली याडी. डोकं आधी उचललं मी. बाबानं ओढलं म्हनून वाचली." मी तिथे चुलीजवळ ओले कपडे वाळत घालत उभा होतो. त्या एका क्षणाला बोललो असतो तर पुढचं काही झालं नसतं. मी शर्ट पिळला.

त्यानंतर गोष्ट माझ्या हातात राहिली नाही. तिची आई जिथे जाईल तिथे दोराचं सांगू लागली. "मी दोर बांधाले लावला म्हनून पोरगी हाय." तांड्यातले लोक मला मानू लागले. महागावच्या बाजारात सोयाबीन घेऊन आलेल्या एका ओळखीच्या माणसाने माझा हात हातात घेऊन त्यावरचे दोराचे वळ बघितले आणि म्हणाला, "बाप पाह्यजे तं असा." वळ दोन आठवडे होते. मी शाळेत तो हात खिशात ठेवून फिरायचो. ते लोकांना विनय वाटायचं.

आठ दिवसांनी आम्ही परत तलावावर गेलो, दोराशिवाय. ह्या वेळी मी सरांनी सांगितलेल्या क्रमाने शिकवलं. आधी बाहेर पडणं. कमरेएवढ्या पाण्यात मी उभा, ती उलटी होते, पट्टी ओढते, निसटते. पहिल्याच दिवशी तिने ते दहादा केलं, एखादी वस्तू परत सापडल्यासारखी. मला वाटलं, चला, आता रोल. तिने वल्हं नीट धरलं, कलंडली, पातं पलीकडे वर आलं, आणि उजवा हात वल्ह्यावरून सुटून पट्टीवर गेला. ती बाहेर आली.

दुसऱ्यांदा तसंच झालं, तिसऱ्यांदाही. पाण्यात असताना हात कधी सुटतो हे तिला कळायचंच नाही. वर आली की ती आपल्या हाताकडे बघायची.

"मी भेली का बाबा?"

"थोडी घाई होते तुयी."

घाई होते. मी हेच म्हणत राहिलो. तिने बॉलपेनने मनगटावर लिहिलं: डोकं शेवटी. आंघोळीने पुसलं जायचं, ती परत लिहायची. घरात खाटेवर आडवी पडून कंबर झटकायचा सराव करायची, तिची आई ओरडायची की खाट मोडशील. मोबाइलवर रोलचे व्हिडिओ मागे-पुढे करून बघायची आणि मला बोलवायची. "बाबा, हे पाहा, इथं थेचं डोकं कसं राह्यलं पाहा. माह्यं कसं राह्यते?" मी बाजूला बसून बघायचो आणि म्हणायचो, "हं." तिचं डोकं कसं असतं हे मी पाहिलं होतं. पाण्याला गाल टेकवून, शेवटी येणारं. ती सुधारू पाहत होती ती चूक तिने कधी केलीच नव्हती.

मी का बोललो नाही? खूपदा विचार केला. तिला एकदा रोल जमला की सांगीन, तेव्हा ते हसण्यावारी जाईल, असं मी ठरवलं होतं. तो जमण्यासाठी मी सांगणं गरजेचं होतं, हे माझ्या लक्षात यायचं आणि मी ते बाजूला सारायचो. होळीला पाणी आटलं, ती यवतमाळला गेली. काकडी सहा महिने गोठ्याच्या भिंतीला टेकून होती. तेवढे दिवस मला बरे गेले, हेही कबूल करतो. पावसाळ्यानंतर तलाव भरला आणि ती परत यवतमाळहून आली. मनगटावर अक्षरं होतीच.

निवडीला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही तलावावर होतो. ती पाच वेळा उलटी झाली, पाच वेळा पट्टी ओढून बाहेर आली. पाचव्या वेळी तिने होडी काठावर ओढली, तिच्यातलं पाणी ओतलं, आणि होडीच्या पाठीवर बसली.

"बाबा, मी त्यायले फोन करून नाई म्हनून सांगतो. माह्या डोक्यातच खोट हाय. वरचं डोकं, आतलं डोकं, दोन्ही."

ती हे हसत म्हणाली. ती रडली असती तर मी कदाचित अजूनही गप्प राहिलो असतो, तिला थोपटलं असतं.

"तुयं डोकं आधी आलं नव्हतं," मी म्हणालो.

"कवा?"

"त्या रविवारी. तू बरोबर येत होती. मीच दोर ओढला. तू पलीकून वर येऊन राह्यलती आन मी इकून ओढलं."

मग तिने शिक्षकाला विचारावं तसं विचारलं.

"किती वर आलती मी?"

"कान दिसला होता. गाल बी."

"डोकं मागं होतं?"

"मागं होतं. पाण्याले टेकून होतं."

"म्हनजे जमलं होतं."

"जमलं होतं."

तिने मनगट पाण्यात बुडवलं आणि अंगठ्याने अक्षरं घासू लागली. बॉलपेन लवकर जात नाही. घासता घासताच म्हणाली, "मंग इतके महिने मी काय सुधारून राह्यलती?"

मी म्हणालो की मी घाबरलो, लोक बोलू लागले, तुझी आई सगळ्यांना सांगू लागली. बोलता बोलता मलाच ऐकू येत होतं की ह्यातलं एकही कारण त्या पहिल्या वाक्याचं नव्हतं. खोकणाऱ्या मुलीला मी ते वाक्य बोललो तेव्हा लोक नव्हते, तिची आई नव्हती.

"भोईकाकाले ठाऊक होतं?"

"हाव."

"मले सोडून साऱ्यायले ठाऊक होतं."

"दोघायलेच."

"तेच ना," ती म्हणाली, आणि उठली. झगा कमरेला चढवला, होडी पाण्यात लोटली. मी मागोमाग उतरलो तर म्हणाली, "तुमी तिथंच थांबा."

मी काठावर थांबलो. खरं सांगतो, मला त्या क्षणी आशा वाटली. आता हिला कळलं, मनातली गाठ सुटली, आता ही वर येईल. ती तशी आली असती तर माझं ओझंही उतरलं असतं, असा विचार तेव्हाही माझ्या मनात होता. ती कलंडली. होडीची पाठ वर आली. पातं पलीकडे आलं, फिरू लागलं, होडी कलू लागली. मग पातं एकदम सैल होऊन पाण्यावर तरंगलं. पलीकडून झगा सुटल्याचा आवाज आला आणि ती होडीला धरून वर आली.

काठावर येऊन ती बराच वेळ श्वास घेत बसली.

"आता सांगून काय होते बाबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, राग असता तर मला बरं वाटलं असतं. "मले समजलं. ह्या हाताले कोन समजवन?"

ती निवडीला गेली. मी येतो म्हणालो, ती नको म्हणाली. यवतमाळच्या स्टँडवर तिला बसवून मी परतलो. त्याच संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातलं निवडायचं धान्य खाली ठेवलं, माझ्याकडे न बघता विचारलं, "म्हनजे मी बांधाले लावलेल्या दोरानंच?" मी म्हणालो, "नाई, मी ओढलेल्या." तिने हा फरक मानला नाही. आता ती दोराची गोष्ट कोणाला सांगत नाही. तांड्यातले अजून सांगतात. मी थांबवायला गेलो तर हसतात, मास्तर मोठेपणा घेत नाहीत म्हणतात.

किनाऱ्यावरच्या लोकांना मुलीने जाताक्षणी खरं ते सांगितलं, की रोल येत नाही, हात सुटतो. त्यांनी तिला परत पाठवलं नाही. सध्या ती खाडीतल्या शांत पाण्यात पर्यटकांसोबत असते, बाहेर समुद्रात नाही. रोज सकाळी तासभर तिथला शिकवणारा पाण्यात उभा राहून तिच्या होडीचं नाक धरतो. रोल आला की समुद्र. कधीपर्यंत, हे त्यांनी सांगितलेलं नाही.

पहिले दोन आठवडे मी रोज फोनवर विचारायचो. मग ती म्हणाली, "बाबा, जमला की मीच सांगन. तुमी नका विचारत जाऊ." तेव्हापासून विचारत नाही. फोन आला की मी जेवणाचं विचारतो, दमट हवेचं विचारतो. ती सांगते की भात खाऊन कंटाळा आला, भाकर मिळत नाही, कपडे वाळत नाहीत. पलीकडून पाण्याचा आवाज येत असतो. ती "ठेवतो" म्हणते, आणि आजही रोल आलेला नाही हे मला कळतं.